एका शब्दात सांग

१

ज्या बाईमुळे हे सगळं सुरू झालं तिचं नाव मी इथे घेणार नाही. तेवढी तिची लायकी नाही.

ती एका मेजरची बायको. माझे मिस्टर, जयराज, त्याच युनिटमध्ये हवालदार आहेत. सुट्टीत तिकडे गेले असता बायकांच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तर मी इंग्रजीतून बोलले. का बोलू नये? कोयनानगरच्या शाळेत मी इंग्रजीच शिकवते. माझी चार वाक्यं झाली असतील नसतील, तोच ही बाई उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "हिंदी में बोलिए ना, आप कम्फर्टेबल रहेंगी." सगळा हॉल हसला. चहाचे कप गोळा करणारा जवानसुद्धा हसला. मी काय बोलत होते ते त्याच क्षणी विसरले आणि खाली बसले.

कऱ्हाडला गाडीतून उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. माझी शिवांजली ऑफिसर होणार. आता मुलींनाही घेतात, मग माझ्या मुलीला का नाही? तिची अकरावी चालू होती, हाताशी वेळ होता. आणि तिच्या इंग्रजीला हसायची कुणाच्या बापाची छाती होणार नाही, हे मी बघणार होते.

माझी पद्धत साधी होती. वही नाही, पुस्तक नाही, मोबाइल तर नाहीच. संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले की शिवानं समोर भिंतीला टेकून बसायचं. मी मराठीत अर्थ सांगायचा, तिनं इंग्रजीत एकच शब्द सांगायचा.

"झोपेत चालणारा माणूस?"

"सॉम्नॅम्ब्युलिस्ट."

"ओठ न हलवता बोलणारा?"

"व्हेंट्रिलोक्विस्ट."

"शाब्बास."

भाकरी फिरायची, शब्द फिरायचा. नियम एकच होता. माहीत नाही म्हणायचं नाही. आठवत नसेल तर अंदाज कर, चुकीचं सांग, पण उत्तर दे. गप्प बसणाऱ्याला लोक खाली बसवतात, हे मी त्या हॉलमधून शिकून आले होते.

२

आमच्या घरात चौथं माणूस म्हणजे सासूबाई. बनुबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते. मूळ आष्ट्याच्या, घरचा ऊस आहे, पण सासरे गेल्यावर त्यांना तिथे करमेना म्हणून माझ्याकडे आल्या. जयराज वर्षातून एकदा सुट्टीवर येणार, म्हणजे खरं तर घरात आम्ही तिघीच.

आत्या मनानं चांगल्या. पण त्यांच्या बोलण्यानं माझं डोकं फिरायचं. सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. दिवा विझत नाही, शांत होतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. इथे कोयनेला जमीन अधूनमधून हलते. आधी खालून गुरगुर येते, मग मांडणीवरची भांडी वाजतात, मग सगळं थांबतं. आम्ही कॉलनीतली माणसं "जरा हललं" म्हणतो आणि जेवत राहतो. आत्या तेवढंही म्हणायच्या नाहीत. ओठ घट्ट मिटून बसायच्या.

"भूकंप म्हणा की," मी एकदा चिडून म्हटलं. "ज्याला जे नाव आहे ते घ्यावं माणसानं. नाव घेतलं म्हणून साप येतो होय?"

"येत न्हाई गं," आत्या म्हणाल्या. "पन आपुन हून कशापायी हाक मारायची?"

शिवा हसली. मी हसले नाही. याच असल्या आडून बोलण्यानं आमची माणसं पिढ्यानपिढ्या मागे राहिली, असं मला वाटायचं. साहेबलोक सरळ बोलतात, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला नेमका शब्द असतो, आणि आम्ही आपले खाणाखुणा करत बसतो. मी घरात जाहीर करून टाकलं की इथून पुढे या घरात प्रत्येक गोष्टीला तिच्या नावानं बोलायचं. आत्यांनी नुसती मान हलवली. मला तेव्हा तो माझा विजय वाटला.

३

क्वार्टर कसं आहे ते सांगायला हवं. प्रकल्पावरची माणसं कमी झाली तशी कॉलनीतली बरीच क्वार्टर्स रिकामी पडली. आम्हा शिक्षकांना त्यातली मिळतात. पुढे बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये एक खोली, तिला खिडकी नाही. तिथे आम्ही गाद्या, ट्रंका आणि शिलाई मशीन ठेवतो. तिच्या दोन्ही चौकटींना दारं नाहीत, पडदे आहेत. मी भाकरीला बसते ती स्वयंपाकघराकडच्या पडद्याकडे पाठ करून. शिवा माझ्यासमोर, म्हणजे तिचं तोंड पडद्याकडे. आमच्या भिंतीला लागून असलेलं क्वार्टर कित्येक वर्षं कुलूपबंद आहे.

त्या दिवशी मी विचारलं, "पक्ष्यांचा अभ्यास करणारा?" शिवानं उत्तर दिलं. मी तव्यावरची भाकरी उलटली, पाणी फिरवलं, आणि पुढचं विचारायला तोंड उघडणार एवढ्यात ती म्हणाली, "लॉजर."

"काय?"

"लॉजर. दुसऱ्याच्या घरात राहणारा."

"मी कुठे विचारलं?"

"विचारलंस की." ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे मला तसं वाटलं. नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की तिची नजर माझ्या कानाच्या थोडी वरून जात होती.

मी मनात विचार करता करता पुटपुटले असेन. वर्गात मला ही खोड आहेच, पोरं नक्कल करतात. मी तो विषय तिथेच सोडला. पण दुसऱ्या दिवशी "इंट्रूडर" आला, बोलावल्याशिवाय आत शिरणारा. मग "मिमिक", नकला करणारा. हे शब्द मी विचारले नव्हते. इतके सोपे शब्द मी विचारतच नाही! शिवाची उत्तरं मात्र ठाम असायची, आणि प्रत्येक उत्तरानंतर ती शाब्बासकीची वाट बघत थांबायची, जरा नाराज व्हायची.

फोनवर जयराजना सांगितलं तर म्हणाले, "तू पोरीचं डोस्कं पिकवलंयस, क्रांती. जरा रेस्ट दे तिला."

म्हणजे चूक माझीच. वर्षातले अकरा महिने लांब राहायचं आणि फोनवरून निदान करायचं, हे बरं जमतं.

४

मग तो गुरुवार. भाकरीची वेळ झाली होती, पीठ परातीत काढून ठेवलं होतं, शिवा जागेवर येऊन बसली होती. तेवढ्यात शेजारच्या ओळीतली रेश्मा, आमच्याच शाळेतली बाई, काहीतरी निरोप घेऊन आली. मी बाहेर अंगणात तिच्याशी बोलत उभी राहिले. आत्या पायरीवर लसूण सोलत होत्या. उजेड अजून चांगला होता, पोरं रस्त्यावर सायकली फिरवत होती.

रेश्मा गेली आणि मी वळले, तर आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

तो आवाज मला चांगला माहीत आहे. तळहात परातीवर पडतो, थप थप थप, मग परात किंचित फिरते आणि तिचा काठ फरशीला घासतो. माझ्या परातीचा काठ एका जागी वाकलाय, त्यामुळे ती मध्येच खट्ट करते. ते खट्टसुद्धा आलं.

मी आत्यांकडे बघितलं. आत्यांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली होती.

आवाज थांबला. जेवढ्या वेळात एक प्रश्न विचारून होईल तेवढी शांतता गेली. मग शिवाचा आवाज आला, स्पष्ट, मी शिकवलेल्या उच्चारांत, "इम्पोस्टर." म्हणजे तोतया. पुन्हा थोडी शांतता. मग शिवा वैतागून म्हणाली, "मग हिंट दे की, आई!"

मी धावत आत गेले. शिवा भिंतीला टेकून बसली होती. पीठ कोरडं होतं. तवा गार होता. पडदा सरळ खाली लोंबत होता. शेजारच्या क्वार्टरचा आवाज असेल म्हणून मी मागच्या दारानं जाऊन बघून आले. त्याच्या कुलपावर गंज चढला होता आणि कडीला कोळ्यानं जाळं विणलं होतं.

परत आले तेव्हा शिवा विचारत होती, "आत्ता इथे होतीस ना? उठून कधी गेलीस?"

५

मी तिला समोर बसवलं. मला राग आला होता, आणि राग आला की माझी भीती कमी होते, म्हणून मी तो धरून ठेवला.

"कोण विचारतं तुला?"

"तूच."

"मी बाहेर होते, शिवा. रेश्मामॅडमला विचार."

ती गोंधळली. मग तिनं पडद्याकडे बघितलं. ती आठवत होती. "तू पीठ मळताना खाली वाकलीस की तुझं तोंड मला नीट दिसत नाही," ती हळू म्हणाली. "तुझ्या मागून आवाज येतो तुझा. मला वाटायचं खोलीमुळे घुमतोय."

"आणि काय विचारतो तो आवाज?"

"एकच विचारतो, रोज थोडं जास्त सांगतो. जो दुसऱ्याच्या घरात राहतो. जो बोलावल्याशिवाय आला. ज्याला घरातल्यांचे आवाज काढता येतात. जो कुणाच्या तरी जागेवर बसायची वाट बघतो. हे सगळं एकत्र, एका शब्दात सांग. मी सांगते तर म्हणतो, नाही, पण जवळ आलीस."

"जवळ आलीस?"

"हो. आणि शब्द आहे, आई. मला माहितीये तो शब्द आहे. अगदी जिभेवर येतो आणि जातो."

आत्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यावरच घसरले. "तुम्हीच भरवलंय हिच्या डोक्यात! लांबडं काय, शांत काय!" आत्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"त्येला उत्तर दिऊ नगं म्हनावं," त्या म्हणाल्या. "येवडंच कर."

"काय आहे ते? सांगा ना, माहीत आहे तर!"

"मला काय ठावं? माजी सासू बोलायची न्हाई, मीबी बोलत न्हाई. त्येला नाव दिऊ नगं. नाव न्हाई तवर ते बाहेरचं असतंय."

मी विज्ञानाची पदवीधर आहे. लग्नानंतर इंग्रजी घेऊन एमए केलं. त्या अंगठेबहाद्दर बाईचं ऐकायचं, याचा मला इतका संताप आला की मी त्या रात्री जेवले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यास बंद केला आणि शेगडी ओट्यावर ठेवून उभ्यानं भाकऱ्या करू लागले.

६

माझा अभ्यास बंद झाला, त्या दुसऱ्याचा झाला नाही.

शिवा कपडे घडी करताना थांबायची आणि तिचे ओठ हलायचे. केस विंचरताना थांबायची. मी तिचे खांदे धरून सांगायचे, "माहीत नाही म्हण. मोठ्यानं म्हण, मला माहीत नाही."

"पण मला माहितीये!"

"तरी म्हण."

"खोटं बोलू? तूच म्हणतेस की गप्प बसायचं नाही. कुणी हसलं तरी उत्तर द्यायचं. आणि आता येतंय तर सांगू नको?" ती रडत होती, पण दुःखानं नाही, चिडून. ओठ अगदी माझ्यासारखे आवळले होते. "तुला भीती वाटते का गं, मला तुझ्यापेक्षा जास्त येईल म्हणून?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मारल्यावर मी तिला पोटाशी धरलं आणि अक्षरशः भीक मागितली. एकदा, फक्त एकदा माझ्यासाठी म्हण. तिनं माझे हात सोडवले.

दुपारी मी तिच्या जागेवर बसून बघितलं. भिंतीला टेकून, पडद्याकडे तोंड करून. काही नव्हतं. पडद्याखालच्या फटीतून ट्रंकेचा कोपरा आणि मशीनचं पायडल दिसत होतं. मी बराच वेळ बसले. उठताना मात्र एक गोष्ट समजली, आणि ती अजून डोक्यातून जात नाही. तिथून बघितलं की माझी बसायची जागा पडद्याच्या इतकी जवळ दिसते की पडद्याआड कुणी बसलं तर ते माझ्या पाठीला पाठ लावूनच बसेल.

मी आष्ट्याला फोन केला. चुलत दीर लालासाहेब म्हणाले, "रविवारी जीप घिऊन येतो, वैनी. सांजच्या आत निघू."

७

रविवारी लालासाहेबांना घाटात ट्रकनं अडकवलं. पोहोचायला उशीर होणार होता. बॅगा बाहेरच्या खोलीत भरून तयार होत्या. सहा वाजून गेले असतील, बाहेर उजेड होता, घरात दिवे लावावे लागत होते. आत्या अंगणात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. शिवा पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघरात गेली. पाणी पडल्याचा आवाज येत होता, म्हणून मी निर्धास्त होते.

पाणी थांबलं. आणि मग तिचा आवाज आला. किती आनंदाचा आवाज तो! दहावीचा निकाल कळला तेव्हाही ती अशी ओरडली नव्हती.

"आई! आठवला!"

आणि तिनं तो शब्द उच्चारला.

मी तो ऐकला. मी लिहिणार नाही. इंग्रजीच होता, कोणत्याही कोशात नाही, मी नंतरही शोधला नाही. पण ऐकताक्षणी मला त्याचा अर्थ कळला, जसा आपल्या माणसाचा खोकला कळतो.

खालून गुरगुर आली. मांडणीवरची भांडी वाजली. लाइट गेली. अख्ख्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या गावात जमीन जरा हलली की लाइट जाते, याची तक्रार कुणाकडे करायची! मी काळोखात ओरडले, "शिवा!"

"ओ!" स्वयंपाकघरातून आली.

"ओ!" मधल्या खोलीतून आली.

एकच आवाज. शेवटी किंचित वर जाणारा, लहानपणापासूनचा. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा दोन्हीकडून ओ आली. माझं लेकरू, मीच जन्माला घातलेलं, आणि मला कळेना! त्याची मला इतकी चीड आली की मी जे आयुष्यभर करत आले तेच केलं. मी प्रश्न विचारला.

"झोपेत चालणारा माणूस? एका शब्दात सांग!"

"सॉम्नॅम्ब्युलिस्ट," मधल्या खोलीतून आलं. ताबडतोब. त्या मेजरच्या बायकोलाही जमला नसता असा उच्चार.

स्वयंपाकघरातून आधी हुंदका आला. मग शिवा म्हणाली, "मला माहीत न्हाई, आई. मला माहीत न्हाई."

माझे पाय बरोबर उत्तराकडे, मधल्या खोलीकडे वळले.

मी बाहेरच्या खोलीकडचा पडदा बाजूला केला. बाहेरच्या दारातून येणारा उजेड तिथपर्यंत कसाबसा पोहोचत होता. जमिनीवर एक बाई बसली होती, माझ्याकडे पाठ करून. माझ्या अंबाड्यासारखा अंबाडा. माझ्या खांद्यांची ठेवण. समोर काही नव्हतं, तरी दोन्ही हात थापत होते. तिनं शिवाच्या आवाजात तोच शब्द पुन्हा म्हटला, सॉम्नॅम्ब्युलिस्ट. मग माझ्या आवाजात स्वतःलाच म्हणाली, "शाब्बास." आणि मान वळवायला लागली.

चेहरा मी बघितला नाही. मी पडदा सोडला.

८

आत्यांनी काही विचारलं नव्हतं. त्या अंगणातून घराला वळसा घालून सरळ स्वयंपाकघरात गेल्या, रडणाऱ्या पोरीचं मनगट धरलं आणि मागच्या दारानं बाहेर काढली. मी पुढच्या दारानं पळाले तेव्हा त्या दोघी रस्त्यावर उभ्या होत्या आणि घाटाच्या वळणावर जीपचे दिवे दिसत होते.

आता आम्ही आष्ट्यात असतो. मी बदली मागितली आहे. क्वार्टरमधलं सामान आणायला मी कुणालाही जाऊ दिलेलं नाही. जयराज फोनवर चिडतात, चिडू देत. शाळेतली माणसं म्हणतात मॅडमचं डोकं बिघडलं, म्हणू देत. मॅडमनी काय बघितलं ते मॅडमला माहीत आहे.

शिवा बरी आहे. खाते, कॉलेजला जाते, आजीजवळ झोपते. इंग्रजीचं पुस्तक उघडत नाही आणि मीही तिला ते उघड असं म्हणत नाही. माझ्याशी मात्र ती फार बोलत नाही. काल उसाच्या बांधावरून परत येताना, मागे आत्या नाहीत असं बघून, तिनं पहिल्यांदा विचारलं.

"आई, मी किचनमध्ये रडत होते. तुला ऐकू येत होतं ना?"

"हो."

"मग तू तिकडं का गेलीस?"

मी चालत राहिले. उत्तर मला येतं. एका शब्दात येतं, मराठीतही आणि इंग्रजीतही. ती माझा हात धरून, माझ्या तोंडाकडे बघत चालत होती, आणि मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही."

तिनं माझा हात सोडला आणि पुढे निघून गेली.